‘पुन्हा झालं तर पुन्हा बँड’

पत्र, थोडक्यात: आईचं वय ६१. चार वर्षांपूर्वी लिव्हर सिरोसिसचं निदान झालं, मधुमेह आणि फॅटी लिव्हरमधून. तिने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तरी लिव्हर म्हटलं की लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. दीड महिन्यापूर्वी तिला रक्ताच्या उलट्या झाल्या. त्याच रात्री एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड लावले. चौथ्या दिवशी, उद्या घरी सोडू असं बोलणं चालू असतानाच, पुन्हा उलटी झाली आणि बीपी कोसळलं. आयसीयूत फुग्याची नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, टिप्स (लिव्हरमधून रक्ताला नवी वाट काढून द्यायचा उपचार) करू या, सही द्या. माझा मोठा भाऊ नको म्हणाला. त्याच्या ओळखीतल्या एकांचं टिप्सनंतर ‘डोकं फिरलं’ होतं आणि काही दिवसांत ते गेले. आम्ही नकार दिला. दुसऱ्या दिवशी परत बँड लावले आणि रक्त थांबलं. आता आई घरी आहे. डॉक्टर म्हणतात, टिप्सचा शांतपणे विचार करून ठेवा. दादा म्हणतो, तेव्हा नाही म्हटलं म्हणून तर आई आज समोर बसली आहे, पुन्हा झालं तर पुन्हा बँड. पहिल्या वेळी बँड नीट लावलेच नव्हते, असाही त्याला संशय आहे. आईला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिला बाहेर बाकावर बसवूनच आम्ही डॉक्टरांशी बोलतो. सही मात्र दर वेळी मलाच करायची असते. काय करू?

*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा सवयीने आकडे शोधत: बिलिरुबिन (कावीळ दाखवणारा आकडा) किती, चाइल्ड स्कोअर (लिव्हर किती बिघडलंय ते मोजणारे गुण) किती, पोटात पाणी आहे का. ते पत्रात नाहीत, आणि कुठलीही मुलगी आईबद्दल लिहिताना बिलिरुबिनने सुरुवात करत नाही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की चार पानांच्या पत्रात दादांची सात-आठ वाक्यं आहेत, डॉक्टरांची पाच-सहा, आणि आईचं एकही नाही. त्यावर बोलायचंय, पण आधी दादांच्या संशयाकडे जाऊ, कारण तो मनातून गेल्याशिवाय पुढचं काही ऐकू येणार नाही.

बँड म्हणजे नक्की काय, हे तुम्हाला कुणी दाखवलंय का? दुर्बिणीच्या टोकाला एक पारदर्शक टोपी असते आणि तिच्यावर बारीक रबरी कडी चढवलेली असतात. फुगलेली शीर टोपीत ओढून घ्यायची आणि बाहेरची चक्री फिरवायची, की एक कडं सुटून शिरेच्या बुडाशी आवळून बसतं. पडद्यावर दिसते ती गळा आवळलेली निळसर-जांभळी गाठ. काही दिवसांत ती सुकते आणि कड्यासकट गळून पडते. मी या खोलीत बरीच वर्षं काढली आहेत, आणि रक्ताने भरलेल्या पडद्यावर फुटलेली शीर शोधून तिच्यावर पहिलं कडं बसलं, की खोलीतल्या सगळ्यांचा श्वास एकदम सुटतो, हे मला अजूनही नवं वाटतं.

पण बँड फक्त फुटलेली जागा बांधतो. ती का फुटली, ते तसंच मागे राहतं. आतड्यांतून आणि प्लीहेतून येणारं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या एका जाड शिरेतून लिव्हरमध्ये शिरतं. सिरोसिसमध्ये लिव्हर आतून घट्ट, गाठीगाठीचं होतं आणि या रक्ताला पुढे सरकायला जागा उरत नाही. मग ते आडवाटा धरतं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा ही त्यातली एक आडवाट. एरवी धाग्याएवढ्या असणाऱ्या या शिरांना असला भार पेलायची सवय नसते. लिव्हरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक निरोगी माणसात पाऱ्याच्या ५ मिलिमीटरच्या आत असतो. तो १० वर गेला की या शिरा फुगायला लागतात, १२ च्या पुढे फुटू शकतात, आणि २० किंवा त्याहून जास्त असेल तर बँड, औषधं, सगळं वेळेवर आणि बिनचूक करूनही रक्त न थांबण्याची किंवा लगेच पुन्हा सुरू होण्याची शक्यता बरीच वाढते.

म्हणून ‘नीट लावले नव्हते’ हा निष्कर्ष इतक्या लवकर काढू नका. दाब कमी करणारं औषध शिरेतून, प्रतिजैविक, बारा तासांच्या आत एंडोस्कोपी आणि बँड, हा आजचा मान्य उपचार आहे, आणि तो जिथे उत्तम होतो तिथेही शंभरातल्या १० ते २० जणांमध्ये पहिल्या पाच दिवसांत अपुरा पडतो. तुमची आई त्यांतली एक. ‘उपचार फसला’ म्हणजे कुणीतरी फसवलं, असं नसतं.

संशय बाजूला ठेवून एक प्रश्न मात्र डॉक्टरांना जरूर विचारा: दुसऱ्या वेळी रक्त नेमकं कुठून आलं? दुसऱ्या एंडोस्कोपीच्या कागदावर ते लिहिलेलं असतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. त्याच शिरेतून आलं असेल, तर प्रश्न दाबाचा आहे. बँड गळून पडला त्या जागी राहिलेल्या व्रणातून आलं असेल, तर गोष्ट वेगळी, कारण व्रणावर पुन्हा बँड लावून भागत नाही (हे बहुधा आठवडा-दीड आठवड्याने होतं, पण आधीही झालेलं मी पाहिलं आहे). आणि जठराच्या वरच्या घुमटातल्या शिरेतून आलं असेल, तर तिथे बँड हे मुळात योग्य हत्यारच नाही. तिथे शिरेत एक प्रकारचा गोंद टोचतात, सायनोअॅक्रिलेट. तो रक्ताला लागताच घट्ट होतो आणि शीर आतून बुजते. किंवा मांडीच्या वा मानेच्या शिरेतून उलट्या बाजूने तिथवर जाऊन ती वाटच बंद करतात, त्याला बीआरटीओ म्हणतात. याशिवाय पोर्टल व्हेनमध्ये गुठळी झाली आहे का, लिव्हरमध्ये गाठ आहे का, हेही सीटी स्कॅनवर पाहायला हवं. दाब अचानक वाढण्याची ही दोन कारणं लपून बसतात. स्कॅन झाला असेल तर रिपोर्ट काढून बघा. झाला नसेल तर का नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता दादांचा मुख्य मुद्दा. नकार दिला आणि आई वाचली, म्हणजे नकार बरोबर होता. मला कळतं की हे वाक्य त्यांना का हवं आहे. त्या रात्री ‘नाही’ म्हणताना त्यांचेही पाय लटपटले असतील, आणि आता आई समोर बसलेली दिसते हाच त्यांचा पुरावा. रुग्ण स्थिर असेल तर दुसऱ्यांदा बँडचा प्रयत्न करणं हे काही अडाणीपणाचं नाही, जाणकार डॉक्टरही तो करतात. पण तो एकदाच. लागलेला नेम आणि बरोबर धरलेला नेम यात फरक असतो. आईच्या बाबतीत तो लागला. तिसऱ्यांदा तोच डाव लावताना आई आधीपेक्षा अशक्त असेल, लिव्हरने दोन रक्तस्राव सोसलेले असतील, आणि हातात वेळ तेवढाच कमी असेल.

फुग्याची नळी तुम्ही पाहिली आहे. तिचं मूळ नाव सेंगस्टाकेन-ब्लेकमोर, १९५० पासूनची. आत दोन फुगे असतात, एक जठरात, एक अन्ननलिकेत. जठरातला फुगवून नळी बाहेरून ओढ देऊन ताणून ठेवतात, म्हणजे शिरा आतून दाबल्या जातात. पलंगाच्या डोक्याशी चिकटपट्टीने एक कात्री लावलेली कदाचित तुमच्या नजरेत आली असेल. नळी वर सरकून श्वास कोंडला, तर ती क्षणात कापून काढता यावी म्हणून ती कात्री. एवढं सांगितलं की या नळीचा स्वभाव लक्षात येतो: रक्त ती बहुतेकांचं थांबवते, पण अन्ननलिका चिरण्याची आणि रक्त फुफ्फुसात जाण्याची जोखीम घेऊन, तीही जास्तीत जास्त २४ तास. फुगा सोडला की जवळजवळ निम्म्या रुग्णांत रक्त पुन्हा येतं. हल्ली काही ठिकाणी नळीऐवजी अन्ननलिकेत जाळीची धातूची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. ती सात दिवसांपर्यंत राहू शकते, रुग्णाला त्यातून गिळता येतं, आणि स्पेनमधल्या एका छोट्या चाचणीत ती फुग्यापेक्षा सरस ठरली. पण दोन्हींचं काम एकच, खऱ्या उपचारापर्यंत वेळ काढणं. तुमच्या डॉक्टरांनी तो वेळ टिप्ससाठी काढला होता. तो बँडसाठी वापरला गेला, इतकंच.

टिप्स म्हणजे काय, हे सहीच्या कागदावर जसं लिहिलेलं असतं तसं वाचून कुणालाही धडकीच भरेल. प्रत्यक्षात पोट उघडत नाहीत. मानेच्या शिरेतून एक बारीक नळी लिव्हरच्या मागच्या शिरेपर्यंत नेतात, तिथून लिव्हरमधून आरपार सुई घालून पोर्टल व्हेनची फांदी गाठतात, आणि त्या वाटेत आवरण असलेला स्टेंट बसवतात. म्हणजे लिव्हरच्या पोटातूनच एक बोगदा. रक्ताला आडवाटेने अन्ननलिकेकडे जायची गरज उरत नाही. दाबातला फरक १२ च्या खाली आला की काम झालं. ही कल्पना योसेफ रोश यांनी १९६९ मध्ये प्राण्यांवर मांडली, आणि धातूचा स्टेंट वापरून माणसावरची पहिली टिप्स १९८८ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे झाली. आवरण असलेले स्टेंट त्यानंतरचे. पूर्वीच्या उघड्या जाळ्या काही महिन्यांत बुजायच्या, हे बऱ्याच प्रमाणात टिकतात. रक्तस्राव थांबवण्याच्या बाबतीत टिप्सच्या तोडीचं आज दुसरं काही नाही, दहापैकी नऊ वेळा ती रक्त थांबवते.

मग दादांच्या ओळखीतले ते गृहस्थ? त्यांच्याबद्दल मला काही माहीत नाही, पण अशा हकिगती मी खूप ऐकल्या आहेत. त्यात टिप्स कधी केली, हे कुणी सांगत नाही. सगळे उपाय थकल्यावर, बीपीसाठी औषधं चालू असताना, किडनी बसत चाललेली असताना जी टिप्स होते, तिच्यानंतरही दहातले तीन-चार जण सहा आठवड्यांत दगावतात. रक्त थांबलेलं असतं, तोवर लिव्हरने मान टाकलेली असते. उशिरा आलेल्या पाहुण्यावर आधीच्या भांडणाचं खापर फुटावं तसं ते टिप्सच्या नावावर जातं. याची दुसरी बाजू २०१० मध्ये समोर आली. गार्सिया-पागान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपात ६३ रुग्णांवर एक चाचणी केली. पुन्हा रक्त येण्याचा धोका जास्त असलेले हे रुग्ण. अर्ध्यांना ७२ तासांच्या आत, म्हणजे उपचार फसण्याची वाट न बघता, टिप्स केली. उरलेल्यांना औषधं आणि बँड, आणि गरज पडलीच तर टिप्स. वर्षभराने पहिल्या गटातले ८६ टक्के जिवंत होते, दुसऱ्यातले ६१ टक्के. दुसऱ्या गटातल्या ज्यांना शेवटी टिप्स करावी लागली, त्यांतले बरेचसे वाचले नाहीत. तोच स्टेंट, तीच सुई, फरक वेळेचा.

आता ‘डोकं फिरणं’. दादांची ही भीती खरी आहे, तिला हसून उडवू नका. आतड्यात तयार होणारा अमोनिया एरवी लिव्हरमध्ये गाळला जातो. बोगदा काढला की त्यातला काही भाग न गाळताच मेंदूपर्यंत पोचतो. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बोलताना शब्द चुकवतो, हात पुढे धरायला सांगितलं तर पंजा फडफडतो. टिप्सनंतर साधारण तिघांतल्या एकाला हे कधी ना कधी होतं. पण यातल्या बहुतेकांचं पातळ शौचाला लावणाऱ्या लॅक्टुलोजने आणि आतड्यात काम करणाऱ्या रिफॅक्सिमिन या प्रतिजैविकाने आटोक्यात येतं. न आल्यास बोगदा आतून अरुंद करता येतो. फ्रान्समधल्या एका चाचणीत नियोजित टिप्सच्या दोन आठवडे आधीपासून रिफॅक्सिमिन सुरू केल्यावर हे प्रमाण ५३ टक्क्यांवरून ३४ वर आलं. अगदी थोड्यांना हा त्रास पुरून उरतो, आणि घरातल्यांना तो फार जड जातो, हेही खरं.

दादांच्या हिशेबात एक गोष्ट मात्र सुटली आहे. रक्तस्रावानेही हेच होतं. आतड्यात साचलेलं रक्त म्हणजे प्रथिनांचा ढीग, त्यातून अमोनियाच तयार होतो. आयसीयूतल्या त्या दिवसांत आई असंबद्ध बोलत होती, तुम्हाला ओळखलं नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे. तेव्हा तर टिप्स झालेली नव्हती. वर सांगितलेल्या २०१० च्या चाचणीतही टिप्स केलेल्या गटात हा त्रास जास्त दिसला नाही. म्हणजे मेंदूचा धोका तराजूच्या दोन्ही पारड्यांत आहे. एकाच पारड्यात टाकून तोलू नका.

टिप्स सगळ्यांसाठी आहे असं मी म्हणत नाही. हृदय कमजोर असेल, फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढलेला असेल, तर हा सगळा वाढीव रक्तप्रवाह अंगावर येतो. म्हणून आधी टू-डी इको लागतो. बिलिरुबिन ३ च्या वर असेल तर नियोजित टिप्सला बहुतेक डॉक्टर कचरतात, कारण उरलंसुरलं लिव्हर आणखी कोरडं पडतं. आणि चाइल्ड स्कोअर १४ किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रत्यारोपणाची शक्यता समोर नसताना नुसत्या टिप्सने बहुधा काही साधत नाही. अशा वेळी डॉक्टर ‘नको’ म्हणाले, तर ते टाळाटाळ करत नसतात.

आईचे आकडे माझ्याकडे नाहीत, त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ असं इथून लिहिणं बेजबाबदारपणाचं होईल. पण तुमच्यासमोर जे रस्ते मला दिसतात ते सांगते. पहिला रस्ता, तपासण्या करून, आई आज बऱ्या अवस्थेत असतानाच टिप्स करून घेणं. पोटात वारंवार पाणी होत असेल तर माझा कल याच बाजूला झुकेल, कारण टिप्स त्यावरही काम करते. दुसरा, कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रानोलॉलसारखं दाब उतरवणारं औषध रोज, आणि शिरा पूर्ण मिटेपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी बँड. हाही सरळ, मान्य रस्ता आहे, मात्र एका अटीवर: हे सगळं चालू असताना पुन्हा रक्त आलं, तर टिप्स, आणि तो निर्णय आजच झालेला असेल, तपासण्या फाइलमध्ये तयार असतील. ‘पुन्हा झालं तर पुन्हा बँड’ हा तिसरा रस्ता म्हणून दादा मांडतात. तो रस्ता मला दिसत नाही. ती फक्त त्या रात्रीची पुनरावृत्ती आहे, त्याच कागदासकट, रात्री दोन वाजता, तुमच्याच हातात पेन देऊन.

आणि कुठलाही रस्ता घेतलात तरी प्रत्यारोपणाची तपासणी आत्ताच मागा. टिप्स प्लंबिंग दुरुस्त करते, लिव्हर नाही. अशा रक्तस्रावानंतर प्रत्यारोपणाचा विचार व्हायलाच हवा. ६१ हे वय त्याच्या आड येत नाही, मधुमेहही आपोआप येत नाही. उत्तर ‘नाही’ आलं तरी ते कळलेलं बरं, कारण त्यावरून टिप्सकडे कसं पाहायचं ते ठरतं. पूर्वी पोट उघडून शिरा जोडण्याच्या किंवा तोडण्याच्या शस्त्रक्रिया होत. लिव्हर बऱ्या अवस्थेत असेल आणि टिप्स शक्य नसेल, तर क्वचित आजही करतात. तुमच्या बाबतीत त्या चर्चेत येतील असं वाटत नाही.

पुन्हा तशी वेळ आलीच, तर नातेवाईक म्हणून काही आग्रह आवरावे लागतात. ‘अजून रक्त चढवा’ हा सगळ्यांत मोठा. हिमोग्लोबिन ७ ते ८ ठेवणं पुरेसं असतं. २०१३ मध्ये बार्सिलोनातल्या चाचणीने दाखवलं की हात राखून रक्त दिलेले रुग्ण जास्त वाचले, कारण भरपूर रक्त चढवलं की पोर्टल व्हेनमधला दाबही चढतो आणि बांधलेली जागा पुन्हा सुटते. रिपोर्टवर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) वाढलेला दिसला की ‘प्लाझ्मा द्या’ म्हणणंही तसंच. रक्त गोठवणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड देत का नाहीत, असं विचारलं जातं. २०२० मध्ये बारा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत पोटातल्या रक्तस्रावासाठी त्याचा उपयोग झाला नाही, उलट शिरांत गुठळ्या वाढल्या. हे माहीत असलं की डॉक्टर काहीच करत नाहीत असं वाटून दाराशी होणारी एक बाचाबाची तरी टळते.

घरी सध्या एवढं बघा. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं झालं, की रक्ताची उलटी व्हायची वाट बघू नका. आई लोहाच्या गोळ्या घेत असेल तर त्यानेही रंग काळा येतो, पण तो चिकटपणा आणि तो वास येत नाही. शंका आली तरी जा, परत यावं लागलं तर लागलं. उलटी झाली तर तिला डाव्या कुशीवर झोपवा, तोंडाने काही देऊ नका. रात्री एंडोस्कोपी होते आणि टिप्स करणारे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट आहेत असं रुग्णालय कोणतं, हे आज फोन करून विचारून ठेवा. जवळच्या ठिकाणी आधी दाखल करून मग हलवण्यात गेलेले तास नंतर भरून निघत नाहीत. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घरात ठेवूच नका. कार्व्हेडिलॉल स्वतःहून बंद करू नका. वरचं बीपी ९० च्या खाली जायला लागलं किंवा चक्कर यायला लागली तर डॉक्टरांना कळवा, ते ठरवतील. बँडची पुढची तारीख तुम्ही पत्राच्या समासात लिहिली आहे, ती आता बरं वाटतंय म्हणून पुढे ढकलू नका. मधुमेह आणि वजन यांच्याकडे बघणं हाही उपचारच आहे, अशा लिव्हरचं मूळ तिथे असतं.

आता आई. तिला सांगितलं तर ती खचेल, असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण बाहेर बसवण्याचं दुसरं कारण मला दिसत नाही. ती सगळं भोगून आली आहे. नाकातोंडात नळी तिच्या होती, कात्री तिच्या उशाशी होती. तिला काही कळलं नसेल, हे आपल्याला सोयीचं म्हणून आपण धरून चालतो. गेल्या काही वर्षांत मी अशा बऱ्याच रुग्णांशी एकट्याने बोलले आहे. बहुतेकांना आजाराचं गांभीर्य घरच्यांपेक्षा आधी कळलेलं असतं, आणि घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून ते गप्प असतात. दोन्ही बाजूंनी नाटक चालू असतं. एका बाई मला म्हणाल्या होत्या, ‘मला नळी पुन्हा घालून घ्यायची नाही, पण हे मुलांना सांगितलं तर त्यांना वाटेल मी हार मानली.’ टिप्सबद्दल मात्र त्यांनी स्वतः विचारलं, आणि तयारही झाल्या.

तुमची आई काय म्हणेल मला माहीत नाही. कदाचित टिप्स हवी म्हणेल. कदाचित थोडं विसरायला झालं तरी चालेल, पण रक्ताची उलटी पुन्हा नको, म्हणेल. किंवा आता आयसीयू नकोच, म्हणेल. तसं म्हणालीच, तर तेही ऐकून घ्यावं लागेल, आणि मग पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास हलका करण्यावर भर देणाऱ्या, डॉक्टरांना आत्तापासून सोबत घेता येईल. ते शेवटच्या दोन दिवसांसाठी नसतात. आज तिचं डोकं स्वच्छ आहे. पुढच्या रक्तस्रावात ते नसेल, आणि तेव्हा तिच्या वतीने अंदाज बांधत बसण्याची वेळ तुम्हा दोघांवर येईल. सहीचं जे ओझं तुम्हाला वाटतं, त्यातलं निम्मं मला वाटतं याचंच आहे.

दादांशी वाद घालू नका. त्यांना फक्त एवढं सांगा की या वेळी डॉक्टरांकडे आईसकट तिघांनी जायचं, चाइल्ड स्कोअर, बिलिरुबिन, टू-डी इको, सीटी आणि दुसऱ्या एंडोस्कोपीचा कागद घेऊन, आणि त्यांच्या ओळखीतल्या गृहस्थांची गोष्ट त्यांनीच डॉक्टरांना विचारायची. बँडची तारीख जवळ आली आहे. आईला त्या आधीच्या संध्याकाळी विचारा, आयसीयूतलं तिला काय काय आठवतं. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडेल तेव्हा बाकावर कुणालाही मागे ठेवू नका.